गाणी तालासुरात म्हणते

"हिला जरा मागून हाक मारून बघा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

मी मारली. "मनाली!"

मनाली खिलारे, इयत्ता दुसरी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, त्यातली एक सुटत आलेली. समोर मीच चिकटवलेला फळांचा तक्ता होता आणि ती निवांतपणे सीताफळाकडे बघत होती.

"मोठ्यानं मारा."

मग मी वर्गात मारते तशी मारली. रांगेतली पोरं फिसकन हसली. ती डोळ्यांच्या कडेनं तिला दिसली असावीत, कारण ती झटकन वळली, सगळी हसतायत म्हणून आपणही हसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई, ह्या मुलीला जवळजवळ ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत असेल ना?"

"लाजाळू आहे ती," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. त्यांना त्या दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. तपासणीची गाडी वर्षातून एकदा यायची, दात, नखं, डोळे, वजन बघायची, जंताच्या गोळ्या द्यायची आणि जेवणाच्या आत पुढच्या वाडीला निघायची. त्यांनी एका कागदावर जिल्ह्याच्या दवाखान्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी कानाचे डॉक्टर असतात. आईला घेऊन तुम्ही स्वतः जा. असल्या गोष्टीत उशीर नको."

ह्याला आता बारा वर्षं झाली. मी निवृत्त होऊनही चार झाली. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथं आता चांगल्या बाई आहेत आणि त्यांना उगाच त्रास नको. शाळा चौथीपर्यंतची होती. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरव सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, दोन्ही वर्ग एकाच खोलीत, पोरं मिळून एकवीस. तेव्हा माझी बावीस वर्षं नोकरी झाली होती. एका नजरेत पोर ओळखते, असं मी चारचौघांत सांगत असे.

मनालीला मी ओळखलं होतं ते असं. मुलगी हुशार, पण गप्प. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं बघून लिहायला सांगा, काना-मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. काड्यांचे दहाचे गठ्ठे सगळ्यांच्या आधी बांधून मोकळी. फक्त श्रुतलेखनाला शेजारच्या पोरीच्या वहीत बघायची. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, मग मी तिला उचलून शेवटच्या कोपऱ्यात एकटीला बसवली. तिथून ती पाटी कोरी द्यायची. मला वाटायचं, कॉपी बंद केली म्हणून बाईसाहेब रुसल्या. दुसरीचं अर्धं वर्ष ती त्या कोपऱ्यात बसली.

गाण्याला मात्र ती सगळ्यांच्या बरोबर उभी राहायची. ओठ हलायचे, हात हलायचे. हात इतरांपेक्षा क्षणभर मागे असायचे, एवढंच. पोरं असतात मागेपुढे.

तिची आई शालन शाळेतच असायची. आमची खिचडी तीच शिजवायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, अंगठाबहाद्दर, पण माझ्या एकवीस अधिक सरांच्या चोवीस पोरांचा तांदूळ मुठीच्या अंदाजानं काढायची आणि कधी घासभर कमी पडला नाही. नवरा बिरू मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचा तो पाऊस तोंडावर आला की माघारी. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा शालन हातातला उलथना घेऊनच वर्गात आली.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "मंगळवारी खिचडीचं काय करायचं?"

"ते मी बघतो," गुरव सर म्हणाले. "तू जा."

गाडी गेली तसे सर माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. कागदाला मात्र फार भ्यायचा.

"शेटेबाई, जाताना हिची नोंदवही बरोबर न्या. उद्या कोणी म्हणायला नको की शाळेनं लक्ष दिलं नाही."

"काय आहे नोंदवहीत?"

"आहे की सगळं. तुम्हीच लिहिलंय."

आता हे नोंदींचं प्रकरण सांगितलं पाहिजे. त्या वर्षांत छोट्यांच्या परीक्षा गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी नोंदी आल्या होत्या. मुलाला किती मार्क ते लिहायचं नाही. मूल काय शिकतंय, कसं शिकतंय, ते रोज बघायचं आणि वाक्यात लिहायचं. प्रत्येक मुलाचं, प्रत्येक विषयाचं. कल्पना सोन्यासारखी होती. ज्यानं काढली त्याला पोरांची माया असणार. पण एकवीस पोरं, दोन वर्ग, पोषण आहाराचे तक्ते, जनगणना आणि मतदारयाद्या ह्यांच्यात बघायला कोण बसतंय! मग बाजारात नोंदींची तयार पुस्तकं आली. विषयवार, इयत्तावार, छापील. 'ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो.' 'परिसरातील पक्ष्यांची नावे सांगतो.' 'गाणी तालासुरात म्हणतो.' सहामाहीला मी आणि गुरव सर चहाची किटली घेऊन बसायचो. सर वाचायचे, मी लिहायची. मुलगी आली की 'म्हणतो'चं 'म्हणते' करायचं. सगळ्यांचं सारखं दिसू नये म्हणून एकाला पक्षी द्यायचे, दुसऱ्याला गोष्ट. एकदा एका पोराला आम्ही 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो' असं लिहिलं आणि तो तेव्हा तीन महिने आईबापांबरोबर उसाच्या फडावर होता. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो.

पहिलीच्या सहामाहीला मनालीच्या वाट्याला गोष्ट आणि गाणी आली.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालक सभा झाली. प्रगतिपुस्तकं वाटली. शालननं हात पदराला पुसून ते घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

"वाचा की बाई, काय लिवलंय."

मी वाचलं.

"गानी म्हनती? साळंत?"

"म्हणते की."

"घरी तर एक शबुद न्हाई."

"घरी लाजत असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, प्रगतिपुस्तक छातीशी धरलं आणि चूल विझवायला गेली. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मंगळवारी आम्ही सहाच्या एसटीनं निघालो. शालन, मनाली आणि मी. मनाली खिडकीशी बसून बाहेरचं सगळं डोळ्यांनी खात होती. माझ्या पिशवीत नोंदवही होती. वाटेत मी दोनदा स्वतःला विचारलं की तुला काही वाटतंय का. तपासणी झाली त्या शनिवारपासून विचारत होते. काही वाटत नव्हतं. दात काढायला गेल्यावर सुई दिल्यानंतर गाल जसा आपला राहत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मी तिकिटं काढली, केळी घेतली, दवाखान्यात चिठ्ठी काढायला रांगेत उभी राहिले, सगळं व्यवस्थित केलं.

मनालीला एका बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून आम्हाला ती दिसत होती. बटणावर बोट ठेवून ती यंत्रवाल्या मुलीच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती. मुलगीही अनुभवी, तिनं तोंड फिरवलं. मग मनालीचं बोट बराच वेळ हललं नाही.

कानाचे डॉक्टर तरुण होते. कागदावरची रेघ त्यांनी आम्हाला दाखवली. रेघ फार खाली गेली होती.

"दोन्ही कान," ते म्हणाले. "आता मला एकच गोष्ट कळायला हवी. हे कधीपासूनचं आहे? जन्मापासूनचं, लहानपणच्या तापानंतरचं, की अलीकडचं? उपचार त्यावर ठरतो. बोलणं थोडं तोकडं वाटतंय, म्हणून मला जुनं वाटतं. जुनं असेल तर औषधांनी काही होणार नाही. आजच मशीनचं माप घ्यायचं आणि बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवायचं. अशा मुलांचा एकेक महिना मोलाचा असतो. अलीकडचं असेल तर मात्र गोळ्या देऊन महिना-दीड महिना वाट बघता येते, थोडंफार परत येतंही." त्यांनी शालनला विचारलं, "कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

शालननं माझ्याकडे पाहिलं. "बाईस्नी इचारा. त्येंच्याकडं लिवलेलं हाय."

मी नोंदवही काढून दिली. दुसरं काय करणार होते? त्यांनी पानं उलटली आणि मध्येच थांबले.

"पहिलीत गाणी तालासुरात म्हणत होती? ऐकलेली गोष्ट सांगत होती?"

मनाली डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होती, मग सगळे माझ्याकडे वळले तशी माझ्या ओठांकडे बघायला लागली.

"तशी नोंद आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी बावीस वर्षं साहेबांसमोर म्हणत आले होते. ते आपोआप तोंडातून आलं. खोटंही नव्हतं. तशी नोंद होतीच.

"मग हे अलीकडचंच दिसतं," डॉक्टर म्हणाले आणि केसपेपरवर लिहायला लागले. "वर्षभरातलं. चांगलं आहे. गोळ्या लिहून देतो, दीड महिन्यानं परत या. तोवर मशीनची घाई नको."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. गोळ्यांच्या खिडकीपाशी मोठी रांग होती. शालनचा चेहरा फुलला होता. तिनं बिरूला फोन लावला आणि फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडली, "नवंच हाय म्हनले! गोळ्या दिल्यात! येतंय म्हनले माघारी!" पलीकडून मेंढरांचा गलका आणि "बरं बरं" एवढंच आलं. तिनं फोन ब्लाउजमध्ये ठेवला आणि माझ्याकडे सरकली.

"बाई, एक सांगू का? हसायचं न्हाई."

"सांग."

"मला लई दिसापास्नं वाटायचं, पोरीला ऐकू येत न्हाई म्हनून. तीन वर्साची हुती तवा मागं परात पडली, एवडा आवाज झाला, कुत्रं पळालं, पर ही वळली न्हाई. मी धन्यास्नी म्हनलं, सासूला म्हनलं. समदी म्हनली, तुला येड लागलंय, पोरगी नीट हाय, तूच कायबाय डोक्यात घिऊन बसतीस. पहिलीत घातली तवा मग मी हट्टच धरला. मेंढरं निघायच्या आदी एक डाव दवाखान्यात दावायचीच. ह्योच दवाखाना. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जायचं ठरलं बी हुतं. धनी तयार झालं हुतं."

"मग?"

"मग तुमी कागूद वाचून दावला की." ती हसली. "गानी म्हनती म्हनून. त्या राती मी समद्यास्नी सांगितलं, बाई रोज बघत्यात, त्येंच्यापेक्षा मला जास्ती कळतंय व्हय! गेलोच न्हाई मग. आन बगा की, खरंच तवा येत हुतं ऐकू. आताच गेलंय. मी उगं पोरीला नावं ठिवत हुते."

मी बाकावरून उठले.

उठले तेव्हाही मला काही वाटलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पश्चात्ताप वगैरे म्हणतात तसलं काही नव्हतं. पाय चालायला लागले एवढंच. दारावरच्या शिपायानं अडवलं, नंबर विचारला. मी "शिक्षिका आहे" म्हणाले आणि आत गेले. डॉक्टरांसमोर दुसरा पेशंट बसला होता, एक म्हातारा, कानात कापूस घातलेला.

"सर, ती मनाली खिलारे. ते जुनं आहे."

"काय?"

"अलीकडचं नाही. पहिलीत आली तेव्हाही येत नव्हतं. तिची आई म्हणते तीन वर्षांची असल्यापासून. आईचं बरोबर आहे."

"मग ही नोंद?"

"ती पुस्तकातून उतरवलीय."

"कसल्या पुस्तकातून?"

"नोंदींचं पुस्तक मिळतं. बाजारात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ती गाणं म्हणते की नाही, हे तुम्ही पाहिलंच नव्हतं?"

"ओठ हलवायची," मी म्हणाले.

म्हातारा आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता. डॉक्टरांनी केसपेपर शोधला, आधी लिहिलेल्या तीन ओळींवर रेघ मारली आणि खाली नवीन लिहिलं. त्यांनी मला काही बोलावं असं मला वाटत होतं. शाळेतल्या पोराला ओरडतात तसं ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आज दुपारीच माप घेऊ. दीड वर्षापूर्वी आली असती तर सोपं गेलं असतं. आताही शिकेल, पण तिला दुप्पट कष्ट पडतील." आणि मी वळले तेव्हा म्हणाले, "आईला तुम्ही सांगा. ते माझं काम नाही."

माप घ्यायला चार वाजले. मनालीच्या कानात गुलाबी रंगाचा लगदा भरला तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खदखदून हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. शालन विचारत होती, गोळ्या बदलल्या का, मशीन कशाला, आदी नको म्हनले हुते ना? मी म्हणत होते, सांगते, बाहेर गेल्यावर सांगते.

एसटी स्टँडवर आमच्या गाडीला अर्धा तास होता. मनाली उसाच्या रसाच्या घुंगरांकडे बघत होती. चरक फिरताना घुंगरं हलतात ते बघत होती.

"शालन," मी म्हणाले, "ते गाण्याचं मी लिहिलं होतं ना, ते खरं नव्हतं."

"म्हंजी?"

"बघून लिहिलं नव्हतं. एका पुस्तकातून उतरवलं होतं. सगळ्यांना तसंच लिहितो आम्ही."

"समद्यास्नी?"

"सगळ्यांना."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मी वाट बघत होते. बाई तोंडाची फटकळ होती. एकदा तांदळात किडे निघाले तेव्हा तिनं पुरवठ्याच्या माणसाला सगळ्या शाळेदेखत उभा-आडवा घेतला होता. आता ती मला स्टँडवर घेईल, चार माणसं जमतील, आणि मला ते हवं होतं. निदान मला काहीतरी वाटलं असतं.

"म्हंजी पोरगी गानं म्हनतच न्हवती?"

"नाही. तोंड हलवायची."

"म्हंजी तवा बी तिला येत न्हवतं ऐकू."

"नव्हतं."

"मी म्हनत हुते तेच."

"हो. तुझंच खरं होतं."

शालननं श्वास सोडला. खांदे खाली आले. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मोकळा झाला होता.

"म्हंजी मी येडी न्हवते तर," ती म्हणाली.

हे ती मला ऐकवायला म्हणाली नव्हती. मी तिथं आहे हेही तिच्या लक्षात नसावं. पाच वर्षं घरातल्या सगळ्यांनी तिला जे ऐकवलं होतं आणि शेवटी माझ्या एका ओळीनं तिनं स्वतःलाच जे म्हणून घेतलं होतं, ते तिनं तिथं खाली ठेवलं. मग पदरानं डोळे पुसले, मनालीपुढे जाऊन उकिडवी बसली, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द तोंड उघडून तिला म्हणाली, "गा-डी आ-ली."

गाडी खरंच आली होती. माणसं दाराशी तुटून पडली. शालन पोरीला काखोटीला मारून गर्दीत घुसली. मी सगळ्यांच्या शेवटी चढले. आत उभं राहायलाही जागा नव्हती. मागच्या बाजूनं कोणीतरी "बाई, ओ बाई" म्हणून हाका मारत होतं. खिडकीशी मनाली होती, तिच्याशेजारी शालन, आणि शालनच्या पलीकडे बाकावर तिनं पदर पसरून एक जागा धरून ठेवली होती. दोन बायका तिच्याशी त्या जागेवरून भांडत होत्या आणि ती त्यांना सांगत होती, "आमच्या बाई हायत्या. लांबनं आल्यात. बसू द्या त्यास्नी."

तिनं पदर उचलला. मी तिथं बसले.